उंचीचा सोस

'उंची' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. भिंतीची उंची फुटाइंचांत मोजतात. पण उंची अत्तर, उंची पैठणी म्हटले की तिथे फूटपट्टीचे काम उरत नाही, खिशाचे काम सुरू होते. आमच्या कापूरहोळच्या पंचक्रोशीतील तरुण मंडळींनी हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत आणून बसवले आहेत. ती वस्तू म्हणजे घरच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, वेल्डिंगच्या ठिणग्या उडवीत वर उचललेली फोर-बाय-फोर पिकअप. या उंचीवर मला आज चार कडू शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या फराळात कारल्याची फोड वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण गोष्ट जिवाची आहे.

प्रथम हे सांगतो की, माझे भांडण गाडीशी नाही. कापूरहोळ पुणे-सातारा रस्त्यावर आहे. तिथून एक फाटा भोरकडे जातो, दुसरा नारायणपूरवरून सासवडकडे. भोर-वेल्ह्याच्या बाजूला जसजसे आत जावे तसतसे डोंगर अंगावर येऊ लागतात, पाऊस वाढतो, भाताची खाचरे सुरू होतात आणि डांबर संपते. राजगड-तोरण्याच्या कुशीतल्या एखाद्या वाडीवर खताची पोती न्यायची, दुधाचे कॅन खाली आणायचे, आंबेमोहोर गिरणीवर घालायचा किंवा अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचे, तर चारही चाकांना जोर देणारी गाडी ही चैन नव्हे. ज्याच्या दारापर्यंत सडक गेली आहे त्याने तिला नावे ठेवू नयेत.

माझे भांडण घरी केलेल्या खटपटीशीही नाही. आमचा मुलूख खटपट्यांचाच आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्या जीपला गावोगावच्या मिस्त्रींनी काय काय करून पाहिले! कुणी तिचा मागचा भाग लांबवला, कुणी आडव्या फळ्या टाकून बाके केली, कुणी ताडपत्रीचे छप्पर चढवले. पश्चिम महाराष्ट्राची वडापे अशाच हिकमतीवर वर्षानुवर्षे चालली. गरजेपोटी हात चालवणाऱ्या माणसाचा मला आदर आहे.

भांडण आहे ते या नव्या सोसाशी. रानात चालण्यासाठी गाडी 'तयार' करायची म्हणजे तिला उंच करायची, अशी समजूत आमच्याकडे पक्की झाली आहे. मागच्या कमानीत दोन पाटे जादा घालतात, नाही तर कमानीखाली लोखंडी ठोकळे सरकवतात. पुढे जमेल तसे वर ओढतात. मग टायर मोठे, पुढे लोखंडी नळ्यांचा दरवाजाएवढा बंपर, कपाळावर दिव्यांची रांग. एवढे झाले की गाडी 'ऑफ-रोड' झाली. जमिनीचा तुकडा विकून आलेल्या पैशांतले चांगले एक गाठोडे त्यात गेलेले असते, हा हिशेब निराळाच.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी सहज विचारले, "अरे, एवढी वर का उचललीस ही?"

"सर, खाली दगड लागायचा."

"कुठे लागायचा?"

"मागच्या गोळ्याला."

"मग आता गोळा वर गेला का?"

त्याने वाकून पाहिले आणि हसला. "गोळा आहे तिथंच आहे, सर. पण दिसायला भारी दिसते ना!"

पोरगा प्रामाणिक म्हणून खरे बोलला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रविद्येची पदवी माझ्यापाशी नाही. पण हे समजायला पदवी कशाला हवी? पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल आणि त्याच्या पोटातला डिफरन्शियलचा गोळा चाकांनाच जोडलेला असतो. कमानी कितीही फुगवा, वर जाते ती चासी आणि हौदा. दगडाला भेटणारा गोळा जिथल्या तिथे राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही निम्म्यानेच. अठ्ठावीस इंचांचा टायर काढून बत्तीस इंचांचा घातला तर गोळा दोन इंच वर जातो, चार नव्हे. आसाला अर्धाच व्यास लाभतो, हे सातवीच्या मुलाला कळते.

या दोन इंचांची किंमत काय? टायर एक सप्तमांशाने मोठा झाला. म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी खरोखर अडुसष्टाच्या वर धावत असते. म्हणजे खालच्या गिअरचा चढावरचा जोर सुमारे आठव्या हिश्शाने उणावला. चढ चढण्यासाठी टायर मोठे केले आणि चढण्याचीच ताकद कमी करून घेतली! आणि ब्रेक? ती थाळी, ते ड्रम पूर्वीचेच. पण आता त्यांना मोठे आणि जड चाक थांबवायचे आहे. सासऱ्याचा अंगरखा घालून जावयाने तालमीत उतरावे, तसा हा प्रकार.

याहून वाईट गोष्ट नजरेआड आहे. पुष्कळ पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपाशी एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. हौदा भरला की गाडी बसते, दांडी हलते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. हौदा रिकामा असला की कमी मिळतो, म्हणजे मागची चाके अडकून गाडी फिरू नये. आता तुम्ही हौदा चार इंच वर उचललात आणि दांडी पूर्वीचीच ठेवलीत, तर त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटते, हौदा रिकामा आहे! वीस पोती लादलेली असोत की वीस माणसे बसलेली असोत, तो मागचा ब्रेक हात राखूनच देतो. ब्रेकचे रबरी पाइप ताणलेले, प्रोपेलर शाफ्ट तिरका होऊन त्याचे क्रॉस झिजलेले, आणि चाकांमधले अंतर तेवढेच राहून ओझे मात्र वर गेलेले. अशी गाडी कलत्या वाटेवर घालणे म्हणजे डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून पळणे.

आणि त्या हौद्यात असते कोण? मालवाहू गाडीत माणसे बसवू नयेत, असा कायदा आहे. पण आषाढात भात लावायला निघालेल्या बायका, लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेली म्हातारीकोतारी कशातून जातात हे कुणाला ठाऊक नाही? ज्या वाडीला एस.टी. येत नाही तिला पिकअप हीच एस.टी. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्याच पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात, श्रावणी सोमवारी कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटाच्या चढावर मागे घसरून खाली कोसळली आणि कित्येक घरांतल्या आया-सासवा एका क्षणात गेल्या. ती गाडी कुणी उंच केलेली होती असे मी मुळीच म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, धड गाडीलाही आमचे चढ असे खाऊन टाकतात. मग हौसेने तिचे ब्रेक अधू आणि तोल अधांतरी करणाऱ्याला काय म्हणावे? हौस त्याची, हौद्यात बसलेली बाई मात्र हौसेने बसलेली नसते.

कोणी म्हणेल, "मास्तर, मग चिखलात रुतून बसायचे का?" नाही; पण चिखलाला जे लागते ते द्या. उंचीचे प्रदर्शन त्याला लागत नाही. टायरच्या नक्षीला धार हवी. हौदा हलका असताना, चिखलापुरती टायरची हवा थोडी कमी केली की चाक जमिनीवर अधिक पसरते आणि पकड घेते. डांबरावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी लहानसा पंप गाडीत ठेवायचा. ओढ्यातून जायचे असेल तर डिफरन्शियलला आणि गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी जी बारीक नळी असते, ती रबरी नळी जोडून वर इंजिनाच्या उंचीला न्यावी. तापलेला गोळा थंड पाण्यात बुडाला की आत पाणी ओढून घेतो, आणि तेलाचे ताक होते. ही खरी घरगुती सुधारणा. तिला खर्च चिल्लर आणि ती कुणाला दिसतही नाही. म्हणूनच बहुधा कोणी करीत नाही! तेलाच्या चेंबरखाली बोल्टाने आवळलेला जाड पत्रा, चासीला पक्का जोडलेला ओढण्याचा हूक, एक मजबूत पट्टा, एक फावडे. तारेच्या दोराने गाडी ओढायची तर दोरावर घोंगडी टाकावी. तुटलेला दोर चाबकासारखा येतो आणि घोंगडी त्याचा जोर गिळते. पाणी किती खोल आहे ते आधी काठीने पाहावे, कारण इंजिनाच्या नाकात पाणी गेले तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि चार चाकांचा दांडा डांबरावर सोडून द्यावा. नाहीतर वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि तो खर्च थोडाथोडका नसतो.

वजनाचाही विचार करा. तो बंपर, ती विंच, तो टपावरचा सांगाडा मिळून सहज दीडशे किलो होतात. म्हणजे पन्नास किलोची तीन पोती तुम्ही जन्मभर फुकट वाहता. गाडी मिरवत राहते आणि भात घरात पडून राहतो.

उंचीवाचून डोंगर जिंकता येत नाहीत, हे आमच्या मावळात येऊन सांगावे म्हणजे धाडसच. दख्खनच्या या डोंगरांतून मराठ्यांचे घोडदळ फिरले ते भीमथडीच्या ठेंगण्या, काटक तट्टांवर. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीपही तशीच: साठ अश्वशक्ती, अकराशे किलोंच्या आसपास वजन आणि अठ्ठावीस इंचांच्या घरातले टायर. तेवढ्या भांडवलावर ती इटलीच्या चिखलातून आणि ब्रह्मदेशाच्या जंगलातून गेली. तिचे बळ हलकेपणात होते.

जगात गाड्या उंच करणारे लोक नाहीत काय? आहेत. आइसलँडमध्ये अडतीस इंचांचे आणि त्याहून मोठे टायर घालतात, कारण मऊ बर्फावर हवा अगदी कमी करून तरंगत जायचे असते. पण अशा बदललेल्या गाडीची तिथे तपासणी होऊन नोंद होते. आणि जिथे बर्फ नाही तिथे उघड्या जमिनीवर वाट सोडून गाडी घालायला कायद्याने बंदी आहे. गरज खरी आहे म्हणून मुभा दिली, आणि मुभा दिली म्हणून जबाबदारीही घातली.

आमच्याकडे काय आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, कारखानदाराने ठरवलेल्या रूपाशी विसंगत बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, पुढच्या लोखंडी बंपरवर कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना सांगितले होते, कारण तो रस्त्यावरच्या पादचाऱ्याचा काळ होतो. हे सारे योग्य आहे. माझी तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. मंजूर जोडसंच बसवण्याची सोय कायद्यात आहे म्हणतात. पण वेल्ह्याच्या शेतकऱ्याने श्वासाची नळी वर नेली किंवा पोटाखाली पत्रा आवळला, तर त्याने शहाणपणा केला की गुन्हा केला, हे त्याला कोण सांगणार? पुण्यात १९६६ पासून मोटारींच्या संशोधनाची आणि चाचणीची मोठी संस्था, ए.आर.ए.आय., उभी आहे. तिच्या ज्ञानाचा एखादा थेंब तालुक्याला यावा. वर्षातून एकदा तपासणी व्हावी. उपयोगी बदलाची आर.सी. बुकात नोंद व्हावी, आणि उंचीचे ठोकळे तिथल्या तिथे काढून घ्यावेत. सरसकट 'नाही' म्हणणाऱ्या कायद्याला माणसे सरसकट चुकवतात, आणि मग पत्रा व ठोकळा एकाच अंधारात लपतात.

शहरातल्या वाचकांनीही गालातल्या गालात हसू नये. ही हौस आमच्या पोरांनी स्वप्नात पाहिलेली नाही. ओढ्यातून पाण्याचे फवारे उडवीत जाणारी गाडी जाहिरातीत दिसते. शनिवार-रविवारी तीच गाडी राजगडाच्या पायथ्याशी येते आणि भाताच्या बांधावरून चढवून दाखवली जाते. दिवाळीत तुम्हाला सुटी असते, आमच्याकडे कापणी असते. जो ओढा तुम्ही ढवळता त्याच्या खालच्या अंगाला कुणीतरी कळशी भरीत असते. पोरे हे पाहतात आणि त्यांना वाटते, मोठेपणा तो हाच.

आमच्या वाड्यांना खरोखर वर उचलण्यासारखी गोष्ट एकच आहे: पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी वाट. ज्या पोरांना चासी कापून जोडता येते, त्यांना ग्रामसभेत उभे राहून दोन नळांची मोरी मागता येणार नाही, असे मला वाटत नाही. मोरी झाली की एस.टी. येईल, आणि एस.टी. आली की हौद्यातल्या बायका बाकावर बसतील.

तोवर घराघरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. पाडव्याला मुलगा गाडीसाठी पैसे मागायला येईल. त्याला 'नाही' म्हणू नका. गाडीपाशी घेऊन जा आणि विचारा: टायरची नक्षी उरली आहे का? ब्रेकचे पाइप कधी बदललेस? तो व्हॉल्व्ह मिस्त्रीला दाखवलास का? आणि लावणीला नेतोस त्या बायकांना हौद्यात धरायला एक दांडी तरी आहे का? या चार प्रश्नांना पैसे लागत असतील तर हसत द्या. पाचवी मागणी उंचीची असेल, तर पाकीट खिशात ठेवा.