आधी पान, मग छायाचित्र

भाजी चिरण्यापूर्वी कोबीचे एखादे पान आपण कधी शांतपणे निरखले आहे काय? अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३१ साली ते निरखले. त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रात भाजीचा विसर पडतो आणि पानाच्या शिरा रेशमी वस्त्राच्या चुण्यांप्रमाणे खाली ओघळताना दिसतात. त्या अमूर्त रूपासाठी कॅमेऱ्यापुढे खरे पान असावे लागले.

पुढे संगणकाला त्याचीही गरज उरली नाही. गणितज्ञ मायकेल बार्न्सली यांनी चार सूत्रे पुन्हापुन्हा वापरून पडद्यावर हुबेहूब नेचा उगवून दाखविला.

डोळा अशा अनुकृतीवर लुब्ध होतो. शरीराचा कौल वेगळा असू शकतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील पीटर कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सौम्य ताणानंतर, निसर्ग दिसणाऱ्या खऱ्या खिडकीपाशी बसलेल्यांच्या हृदयाची गती अधिक लवकर पूर्ववत झाली. तेच दृश्य दाखविणाऱ्या पडद्याचा लाभ कोऱ्या भिंतीहून अधिक आढळला नाही.

एका प्रयोगावरून अंतिम निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही पडद्यावरील हिरवाईलाच विसावा मानण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. आज भाजी निवडताना मुलांच्या हाती एक पान द्यावे. त्यांना शिरांवरून बोट फिरवू द्यावे, वास घेऊ द्यावा आणि मग, हवे तर, छायाचित्र काढू द्यावे.