गॅस संपत नाही, गळतो

दर महिन्याला आम्हाला अम्मींना घेऊन केनवडहून अकोल्याच्या दवाखान्यात जावे लागते. उन्हाळ्यात हा प्रवास त्यांना झेपत नाही, म्हणूनच कर्ज काढून जुनी का होईना, पण एसीची गाडी घेतली. त्या एसीत दोन उन्हाळ्यांत आम्ही तीनदा गॅस भरून घेतला. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये दरवेळी एकच उत्तर मिळे, "गॅस संपला, सर." दोन हजारांच्या आसपास पैसे द्यायचे, महिना-दीड महिना गार हवा घ्यायची, की पुन्हा गरम वाफ. तिसऱ्यांदा मे महिन्यात, पातूरच्या अलीकडे अम्मींना घेरी आली. लिंबाखाली गाडी उभी करून तोंडावर पाणी मारताना आमच्या मनात आले, हा गॅस संपतो तरी कसा?

वाचक बंधू-भगिनींनो, तो संपतच नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉईलमध्ये पुन्हा वायू होताना आतली उष्णता ओढून घेतो. माठाच्या अंगावरचे पाणी उडताना माठ गार होतो, तसेच हे. फरक इतकाच की इथे तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा कमी होतो, ते चालायचेच. महिन्याभरात जात असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

रिसोडच्या एका कारागिराने हे आम्हाला गाडीजवळ उभे करून दाखवले. गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरते, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग पडून धूळ चिकटते. आमच्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, बहुधा खडा लागून, तसाच डाग होता. साबणाचा फेस लावताच बुडबुडे आले. दोन वर्षांत कुणी तिथे वाकून पाहिले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

कंडेन्सर, ड्रायर आणि जोडांच्या रबरी रिंगा बदलल्या. मग अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली, कारण ओल राहिली तर आतून गंज धरतो. पंप बंद करून काटा चढतो का, तेही पाहिले. त्यानंतर बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम पाहून वजनावर गॅस भरला. जास्त भरला तरी गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. खर्च तिन्ही खेपांच्या बेरजेहून जास्त झाला, हे लपवत नाही.

अर्थात दरवेळी गॅसच कारण असतो असे नाही. हवाच कमी येत असेल तर आधी ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर काढून पाहा. सोयाबीनच्या हंगामात आमचा फिल्टर भुशाने गच्च भरला होता. गाडी धावताना गार आणि उभी राहिली की गरम, असे असेल तर कंडेन्सरचा पंखा किंवा त्यावरची माती तपासा. पायाशी पाणी साचत असेल तर पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असते. एवढे घरी करता येते. डबा आणून घरी गॅस भरण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. द्रव गॅस उडाला तर कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो. स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे मिश्रण कुणी सुचवले तर तिथून उठा, ते पेट घेते.

एक गोष्ट आम्हाला अजून टोचते. आमच्या गाडीत आर-134ए गॅस आहे. ओझोनला मारक ठरलेल्या आर-12 ची जागा त्याने घेतली, 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर. ओझोनला तो इजा करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 1,300 पटींहून भारी आहे. आमचे तीन वेळचे भरलेले सगळे हवेत गेले. वर्गात मुलांना इस्राफ समजावताना आम्ही नळाच्या थेंबाचे उदाहरण देत होतो.

थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे सीलवर तेल राहते, असे कारागिराने बजावले आहे. ते काम जुम्म्याच्या दिवशी धाकट्याकडे असते. डिसेंबरात तो स्वेटर घालून गाडीत बसतो आणि कुरकुरतो.