सत्ता बदलली, कोठडी तीच

एकलहऱ्यात अजूनही ऐकतो, "आपलं सरकार आलं की सुटतील." आपलं म्हणजे कोणतं? एल्गार परिषद प्रकरणात सुधीर ढवळे, अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग यांना ६ जून २०१८ ला अटक झाली, तेव्हा राज्य भाजप-सेनेचं. मग आघाडी आली, पवारांनी एसआयटी मागितली. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तपास एनआयएकडे खेचला. मुख्यमंत्री ठाकरेंनी हरकत घेतली नाही. भांडण फाईलवर. माणसं आत! आनंद तेलतुंबडे हजर झाले, तेही १४ एप्रिललाच. स्टॅन स्वामी कच्चे कैदी म्हणूनच गेले. ढवळेंना जामीन २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाकडून. आणि २०१९ ला राज्यसभेत यूएपीए दुरुस्तीच्या बाजूने काँग्रेसही होती. मत मागायला येतील तेव्हा आधी हे विचारा.