मोतीचं अंथरूण

"आमचा मोती थोरल्याच्या अंथरुणात निजतो म्हणून सासूबाई रागावतात. घरात ४ महिन्यांचं बाळही आहे. काय करू?" असं एका भगिनीनं विचारलं आहे.

ताई, थोरल्याच्या पायथ्याशी, वेगळ्या चादरीवर मोतीला खुशाल निजू द्या. मात्र दर ३ महिन्यांनी जंताचं औषध, दरवर्षी रेबीजची लस आणि रोज कानामागं, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहणं चुकवू नका. बाळाच्या बाबतीत सासूबाईंचंच खरं हं! कुत्रा कितीही गुणी असो, तान्ह्याशेजारी मुळीच नको. रात्री त्या खोलीचं दार लावूनच घ्या. झोपेत अंगावर पाय पडला की शहाणा कुत्राही दचकून चावतो. त्याच्या दाताचा साधा ओरखडा उठला तरी हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.