पावतीवर गाईला रकाना नाही

डेअरीच्या पावतीवर लिटर असतात, फॅट असतं, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) असतं आणि दर असतो. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ लागलं तर ठरलेला भाव. पॉइंट खाली आला की पैसे कापलेच म्हणून समजा. त्यामुळे आमच्या फलटण भागात कुठल्याही गोठ्यात जा, सरकी पेंडीचं पोतं हमखास दिसेल. गाईसमोर दिवसभर पाणी दिसेलच, याची खात्री नाही.

पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यात माझ्या वाट्याला गोठ्यांमधलं पशुकल्याण तपासायचं काम आलं. ‘‘आमचं कल्याण कोण करतंय ते लिव्ह की आधी,’’ एका काकांनी धार काढता काढताच सुनावलं. त्यांचं काही चुकलं नाही. दुधाचा दर पडतो तेव्हा पेंडीचा पडत नाही. पण माया कमी पडते म्हणून गाईचे हाल होतात, असं मला गोठ्यांत फिरून वाटत नाही. पावती जेवढं विचारते तेवढं गोठा पुरवतो.

गोठा बघायची पद्धत अलीकडे बदलली आहे. पूर्वी शेड केवढी, पंखे किती, हे मोजत. युरोपात 2009 साली ‘वेल्फेअर क्वालिटी’ नावाची पद्धत आली, तिचा भर खुद्द जनावर बघण्यावर आहे. गाय चालताना लंगडते का, मागच्या पायांच्या सांध्यावरचे केस गेलेत का, सूज आहे का, कासेवर शेण वाळलंय का. चालीला 0 ते 2 गुण द्यायचे. 2 म्हणजे पायावर भार द्यायलाच कचरते. ऐकायला सोपं आहे, पण आमच्याकडे पहिलाच घोळ होतो: गाय चालवून दाखवा म्हटलं तर ती सुटायला तर हवी! कित्येक गाई व्यायल्यापासून भाकड होईपर्यंत एकाच खुंट्याला असतात.

एका एचएफ (होल्स्टीन) गाईचं सांगते. तिसरं वेत, खाली सिमेंटचा कोबा, दावं जेमतेम दीड हात. गाय उठताना आधी मागचे पाय उचलते आणि त्यासाठी डोकं पुढे झोकून देते. हिच्या पुढे गव्हाणीची भिंत. डोकं झोकायचं तर कपाळ आपटतं, म्हणून ती अर्धवट उठते, पुन्हा बसते, मग अंग तिरकं करून कशीबशी उभी राहते. अशी गाय पुढे बसायलाच नाखूश होते. दिवसातले दहा-बारा तास बसून रवंथ करायचं जनावर कोब्यावर उभंच राहिलं, की खुरं बिघडतात आणि पायाचं दुखणं वाढतं. मी अजून कागद काढत होते तोवर गोठ्यातल्या वहिनी म्हणाल्या, ‘‘चंद्री डाव्या पायावर भार देत नाही बघा, दिवाळीपासनं.’’ लंगडी गाय कुठली, हे मला बहुतेक गोठ्यांत बायकांनीच आधी सांगितलं. डेअरीचं खातं मात्र मालकांच्या नावावर.

पाण्याचंही तेच. एक लिटर दुधामागे गाय तीन-चार लिटर पाणी पिते. वीस लिटर देणारीला उन्हाळ्यात शंभर लिटरही लागू शकतं. आपण ते सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाजणार, आणि एप्रिलच्या दुपारी ती धापा टाकायला लागली की डॉक्टरला फोन! मुक्त गोठा केलेल्यांचा हा प्रश्न मिटलाय: जाळीचं कुंपण, थोडी सावली, मध्ये हौद, गाय हवं तेव्हा जाऊन पिते. घरालगतच्या दहा फुटांत दोन गाई बांधणाऱ्याला मुक्त गोठा परवडणार नाही, हे मान्य. पण दावं हातभर वाढवायला आणि समोर भरलेला टब ठेवायला जागा लागत नाही.

कायदा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर अवाजवी आखूड दाव्याला बराच वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. गोठ्यात पोलीस यावेत असं मलाही वाटत नाही. दिवसातून दोनदा गावात पोचते ती डेअरीची गाडी. सुपरवायझर डेअरीचा, डॉक्टर डेअरीचा, पशुखाद्याची उचलही डेअरीचीच. मग त्याच सुपरवायझरनं पाणी, दावं आणि लंगडणं या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात आणि ज्याचं नीट आहे त्याला लिटरमागे काही पैसे जादा द्यावेत. फॅटला मिळतात तसे.

लंगडी गाय कमी खाते, दूध तोडते, तिचा माज कळत नाही, गाभण राहायला उशीर होतो. हा हिशेब मांडला की लोक ऐकतात. तो गोऱ्ह्यापाशी मात्र कोलमडतो. संकरित गोऱ्हा ट्रॅक्टरच्या जमान्यात कुणालाच नको आहे. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणजे उघड गिऱ्हाईक नाही, आणि त्याला पाजायचं दूध डेअरीत विकलं जातं. निसर्गात नर-मादी जवळपास निम्मे निम्मे जन्मतात. माझ्या तक्त्यातला ‘वासरे – नर’ हा रकाना बहुतेक रिकामाच राहतो. विचारलं तर ‘‘पाव्हण्यांना दिला’’ किंवा नुसतंच ‘‘गेला’’. दहापैकी नऊ कालवडी होतील अशा वीर्यमात्रा आता मिळतात. त्यांचा जादा खर्च शेतकऱ्यावर न टाकता दुधाच्या किमतीत धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यातलं गिऱ्हाईक काचेच्या बाटलीतल्या ‘ए-टू’ दुधाला दुप्पट भाव मोजतं, गाईची जात विचारतं. वासराचं काय झालं हे विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दूध संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत होतील. दरावरून आरडाओरडा होईल, तो व्हायलाच हवा. त्याच सभेत पाणी, दावं आणि गोऱ्हा यांचे रकाने पावतीवर आणायचा ठराव सभासदांनी मांडावा. सूचक म्हणून गोठा सांभाळणाऱ्या बाईची सही घ्यायची तर तिचं नाव आधी सभासद यादीत लागेल. तेही त्याच ठरावात घ्या.