मंत्री आपला की खाते आपले?



दिल्लीत नवे मंत्रिमंडळ शपथ घेते त्या दिवशी गावच्या पारावर आणि कारखान्याच्या गेटवर एकच हिशेब चालतो. महाराष्ट्राला किती मंत्रिपदे मिळाली? आपल्या जिल्ह्याचे काय झाले? आपल्या माणसाची वर्णी लागली का? ९ जून २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या तिसऱ्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, तेव्हाही हाच हिशेब मांडला गेला. महाराष्ट्राची सहा नावे आली. नितीन गडकरी व पीयूष गोयल कॅबिनेट मंत्री, प्रतापराव जाधव स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री, रामदास आठवले, रक्षा खडसे आणि मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. काही जिल्हे खूष झाले, काही रुसले. रायगडासारख्या जिल्ह्याच्या पदरात काहीच पडले नाही.

आमचे म्हणणे असे की, हा हिशेब ऊस उत्पादकाच्या फारसा कामाचा नाही. मंत्री कुठल्या गावचा, यावर आपल्या उसाचा भाव ठरत नाही. त्याच्या टेबलावर कोणती फाईल येते आणि तिच्यावर तो काय शेरा मारतो, यावर ठरतो.

आपल्या फाईली किती टेबलांवरून फिरतात ते पाहा. उसाच्या एफआरपीची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो आणि निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती घेते. साखरेचा किमान विक्री दर व निर्यातीची परवानगी अन्न खात्याकडे. इथेनॉलच्या खरेदीचा संबंध पेट्रोलियम खात्याशी. आयकराचे दुखणे अर्थ खात्याचे. आणि ६ जुलै २०२१ पासून केंद्रात सहकाराचे वेगळे खाते झाले, ते अमित शहा यांच्याकडे आले. एवढ्या टेबलांपैकी एकावर आपला माणूस बसला म्हणून गुलाल उधळायचा आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवायची, हा कुठला शहाणपणा?

अनुभव काय सांगतो? डिसेंबर २०२३ मध्ये अन्न खाते पीयूष गोयल यांच्याकडे होते, म्हणजे महाराष्ट्राच्या माणसाकडे. त्याच महिन्याच्या ७ तारखेला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदीचा हुकूम निघाला. गळीत हंगाम ऐन भरात होता. कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेले कारखाने हवालदिल झाले. आठवडाभरात बंदी सैल झाली खरी, पण १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घालूनच. पाऊस कमी, साखर कमी होण्याची भीती, शहरात भाव वाढू नये ही काळजी, अशी कारणे सरकारकडे होती. ती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण मंत्री महाराष्ट्राचा म्हणून आपली गव्हाण वाचली नाही, हे लक्षात ठेवावे.

उलट बाजू पाहा. शेतकऱ्याला ठरलेल्या दरापेक्षा जास्त भाव दिला तर तो नफा समजून आयकर खाते सहकारी कारखान्यांना नोटिसा धाडत होते. हे भिजत घोंगडे वर्षानुवर्षे पडून होते. ते २०२३ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी मार्गी लावले. २०१६-१७ पूर्वीचे ऊसबिल खर्च म्हणून धरण्याची मुभा दिली. सुमारे १० हजार कोटींचा दिलासा, असे त्यांनीच सभागृहात सांगितले. सीतारामनबाई ना आपल्या तालुक्याच्या, ना आपल्या राज्याच्या.

आता थोडे मागे जाऊ. आपली निर्यातीची साखर घाट उतरून न्हावा-शेव्याला जहाजात चढते, तो रायगडचा किनारा. भाताचा, मिठागरांचा, नारळी-पोफळीचा मुलूख. पण सहकारी साखर कारखानदारीवर या जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे ऋण आहे. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. ना पक्षाचे पुढारी, ना सभा गाजवणारे. आयसीएस अधिकारी आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. लोकसभेवर कुलाब्यातून ते निवडून आले ते नंतर, १९५२ साली. नेमणुकीच्या दिवशी माणसे मोजणाऱ्याने त्यांना काय गुण दिले असते?

त्यांच्या काळात काय झाले ते पाहा. गोरवाला समितीने खेड्यांतल्या कर्जाची देशभर पाहणी केली. समितीवर आपले धनंजयराव गाडगीळ होते, ज्यांनी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा कारखाना उभा केला. सरकारने सहकारी संस्थांत भागभांडवल घालावे आणि एका मोठ्या सरकारी बँकेने खेड्यापर्यंत जावे, असे समितीने १९५४ मध्ये सांगितले. अर्थमंत्र्यांनी अहवाल कपाटात ठेवला नाही. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. सहकारी कारखान्यांत सरकारचा शेअर असावा या विचाराला बळ आले, आणि पुढे अनेक कारखाने त्याच आधारावर उभे राहिले.

आणखी एक गोष्ट. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ मध्ये याच देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. खुर्चीवर असताना काम केले आणि वेळ आली तेव्हा खुर्ची सोडली. मंत्र्याला याहून वेगळे माप लावायचे कारण आम्हाला दिसत नाही.

कोणी म्हणेल, आपला माणूस असला की दार तरी उघडते. खरे आहे, उघडते. पण दार उघडल्यावर हातात काय घेऊन आत जायचे, ते आपण ठरवलेले नसते. बहुतेक वेळा हातात हार असतो.

२०२४ च्या मंत्रिमंडळाला हे माप लावू. अन्न खाते कर्नाटकातल्या धारवाडच्या प्रल्हाद जोशी यांच्याकडे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये इथेनॉलवरचा निर्बंध उठला, जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टन साखर निर्यातीला परवानगी मिळाली. या दोन गोष्टी जमेच्या. नावे बाजूस काय? साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला, तो २०२४ सरेपर्यंत तिथेच राहिला. एफआरपी मात्र २०१८-१९ ला क्विंटलला २७५ होती, ती २०२४-२५ ला ३४० झाली. उसाचा दर वाढला याचा आनंद आहेच, तो वाढलाच पाहिजे. पण साखरेचा दर बांधून ठेवला तर कारखाना बिल कुठून देणार? चौदा दिवसांत पैसे द्या हा कायदा आहे, आणि तिजोरी रिकामी असली की पहिली झळ सभासदालाच बसते.

सहकार खाते शहांकडेच राहिले आणि पुण्याचे मोहोळ तिथे राज्यमंत्री झाले. राष्ट्रीय सहकार विकास निगमाला १ हजार कोटींचे अनुदान देऊन त्यावर कारखान्यांना १० हजार कोटींपर्यंत कर्जाची योजना आखली गेली, ही चांगली गोष्ट. मात्र प्रश्न विचारायलाच हवा, की कर्ज देताना कारखान्याचा ताळेबंद पाहिला की चेअरमनचा झेंडा? सहकार हा घटनेने राज्यांचा विषय आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये तसा स्पष्ट निकाल दिला आहे. मदत घ्यावी, पण लगाम दिल्लीच्या हाती देऊ नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नवे मंत्री येतील तेव्हा कारखान्याच्या पैशाने सत्कार नको, कमानी नकोत, जाहिराती नकोत. वार्षिक सभेत ठराव करून एक पानी निवेदन पाठवा. साखरेचा किमान दर उसाच्या दराशी जोडा. इथेनॉलचे धोरण हंगामाच्या मध्ये बदलू नका. निर्यातीचा निर्णय गाळप सुरू होण्यापूर्वी सांगा. हे निवेदन अन्न, सहकार, पेट्रोलियम आणि अर्थ अशा चारही खात्यांना जावे, मंत्री कुठलाही असो. वर्षभराने काय झाले ते याच अंकात छापू. ज्याने काम केले असेल त्याला तेव्हा खुशाल नारळ आणि शाल द्या. ती तो कुठल्या जिल्ह्याचा हे न विचारता द्या.