दंड देणारा आणि दंडास पात्र

एम. ए.च्या वर्गापासून चर्चासत्रांच्या व्यासपीठापर्यंत एक विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. विधान असे : जुन्या करारातील देव सूड घेणारा आहे, तो राजांच्या तलवारीने आपल्या शत्रूंचा संहार करवतो, आपली परंपरा मात्र करुणेची आणि समन्वयाची. हे विधान करणारा अध्यापक पुढच्याच तासाला सभासदाच्या बखरीतील अफझलखानवध शिकवतो. भवानी राजास दर्शन देऊन अभय देते, खानाचा वध राजाच्या हातून घडवण्याचे आश्वासन देते, हे तो कौतुकाने सांगतो. दोन्ही कथनांचे सूत्र एकच आहे, याची दखल तो घेत नाही. एका ठिकाणी ज्याला क्रौर्य म्हटले त्याला दुसऱ्या ठिकाणी ईश्वरी संकेत म्हटले जाते, आणि या दुटप्पी व्यवहाराला आपण तौलनिक साहित्याभ्यास असे भारदस्त नाव देतो.

या सवयीला इतिहास आहे. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांच्यात मुंबईत वाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. ज्ञानोदय पत्राने पुराणांतील देवांवर नैतिक आक्षेप घ्यायचे आणि पुराणाभिमान्यांनी बायबलातील संहाराच्या कथा पुढे करायच्या, असा तो काळ होता. वाद म्हणून त्याचे मोल आहेच. परंतु वकिलाला आपल्या पक्षकाराचे गुन्हे झाकावे लागतात, समीक्षकाला ते लागत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील वकीलपत्र आपण एकविसाव्या शतकातही खिशात घेऊन हिंडतो आहोत, अशी माझी तक्रार आहे. राजाच्या हातून घडणारा दैवी न्याय हे एक कथनसूत्र आहे. ते कोणत्या धर्माचे, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की संहिता त्या राजाला पुढे जाब विचारू देते की नाही.

प्रथम हे सूत्र किती सार्वत्रिक होते ते पाहू. १८६८ मध्ये धिबान येथे सापडलेला आणि आज लूव्र संग्रहालयात असलेला मवाबाच्या मेशा राजाचा शिलालेख इ. स. पू. नवव्या शतकातील आहे. कमोश देव आपल्या भूमीवर कोपला म्हणून इस्राएलाने मवाबाला छळले, असे मेशा सांगतो; मग कमोशाने आज्ञा केली, आपण नबो नगर घेतले आणि तेथील सात हजार माणसे मारून देवतेला अर्पण केली, असेही सांगतो. देवांची नावे बदलली तर हा मजकूर जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकात खपून जाईल. १९९३-९४ मध्ये उत्तर इस्राएलातील तेल दान येथे मिळालेल्या अरामी शिलालेखाच्या तुकड्यांत एक राजा म्हणतो की हदाद देव आपल्यापुढे चालला. बहुतेक अभ्यासकांच्या वाचनानुसार या राजाने इस्राएलाचा योराम आणि दाविदाच्या घराण्याचा अहज्या यांना ठार केल्याचा दावा केला आहे. गंमत अशी की जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हेच दोन राजे येहू मारतो, आणि तोही परमेश्वराच्या आज्ञेने. वध तेच, मारेकरी दोन, आणि दोघांच्याही पाठीशी देव. दैवी न्यायाचा दावा हा त्या प्रदेशातील राज्यकारभाराच्या भाषेचा भाग होता, हे यातून दिसते. हिब्रू देव तेवढा संहारक, असे म्हणण्यास येथे आधार उरत नाही.

मग हिब्रू संहितेचे वेगळेपण कशात आहे? त्यासाठी इज्रेल येथील जमिनीच्या एका तुकड्याकडे पाहणे पुरेसे आहे. तेथे नाबोथाचा द्राक्षमळा आहे. अहाब राजाला तो हवा आहे. तो मोबदला देऊ करतो. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथ नकार देतो. राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रे पाठवते, दोन खोटे साक्षीदार उभे करवते आणि नाबोथाने देवाला व राजाला शिव्याशाप दिले असा आरोप ठेवून त्याला दगडांनी ठेचून मारवते. येथे आपल्या वाचकांचे लक्ष सहसा जात नाही असा एक तपशील आहे : नाबोथाचा खून देवाच्या नावानेच झाला आहे. देवनिंदेला मृत्युदंड हा दैवी न्यायच, आणि तो अंमलात आणणारी सत्ता राजाची. म्हणजे राजवाड्याने दैवी न्याय बनावट तयार केला, आणि तो बनावट आहे हे संहितेने उघड सांगितले. एलीया संदेष्टा त्याच मळ्यात येऊन राजाला जाब विचारतो.

पुढे येहू बंड करतो. तोही संदेष्ट्याच्या शिष्याकडून अभिषेक घेऊन आलेला. तो अहाबाच्या मुलाला, योरामाला, मारतो आणि प्रेत नाबोथाच्या शेतात फेकायला लावतो. म्हणजे जुन्या अन्यायाचा न्याय आपण केला, हे तो जागेच्या निवडीतून सांगतो. त्यानंतर सत्तर राजपुत्रांची मस्तके टोपल्यांत भरून इज्रेलास येतात. राजांचे पुस्तक येहूला शाबासकी देते, त्याच्या चार पिढ्या सिंहासनावर बसतील असे वचन देते. प्रशस्ती येथेच संपली असती. पण सुमारे शंभर वर्षांनी होशेय संदेष्टा येतो आणि इज्रेलच्या रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शिक्षा होईल असे देवाच्याच नावाने सांगतो. ज्या कृत्याबद्दल शाबासकी मिळाली त्याच कृत्याबद्दल दंड. संकलन करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यांनी ती राहू दिली. मेशाच्या शिलेवर होशेयाला जागा नाही. हिब्रू संकलनात आहे.

हाच न्याय परकीय सम्राटांनाही लागू होतो. यशया अश्शूरला देवाच्या क्रोधाची काठी म्हणतो आणि लगेच, कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारावी काय, असे विचारून त्याच काठीला दंड ठरवतो. यिर्मयाच्या ग्रंथात बाबेलचा नबुखद्नेस्सर देवाचा सेवक आहे, आणि त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात बाबेलवरही न्याय उतरतो. साधन झाल्याने कोणी निर्दोष ठरत नाही, हे तत्त्व येथे पुन:पुन्हा मांडलेले दिसते.

याविरुद्ध एक बळकट आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शौल राजाला अमालेक्यांचा समूळ उच्छेद करण्याची आज्ञा होते. त्यात तान्ही मुलेही आहेत. शौल अगाग राजाला आणि उत्तम गुराढोरांना राखून ठेवतो, आणि त्याबद्दल त्याचे राज्य जाते. येथे राजा दोषी ठरतो तो संहार अपुरा केल्याबद्दल. या आज्ञेविरुद्ध ग्रंथात कोणी उभा राहत नाही. हे भयंकर आहे आणि कोणत्याही अन्वयार्थाने ते मवाळ होत नाही, तसा प्रयत्नही करू नये. माझे म्हणणे हिब्रू संहिता दयाळू आहे असे नाही. ती अनेक आवाजांची आहे, आणि त्या आवाजांपैकी काही राजाच्या विरोधात आहेत, एवढेच आहे. अमालेकाच्या बाबतीत ते आवाज गप्प राहिले, ही त्या संहितेची मर्यादा म्हणून नोंदवली पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. १६९० च्या दशकात राजाराम महाराज जिंजीस होते. त्याच दशकात त्यांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्राची बखर लिहिली, आणि त्याच दशकात, १६९५ मध्ये, मालवणसमोरच्या सिंधुदुर्गावर त्यांनी शिवराजेश्वराचे मंदिर उभारले असे मानले जाते. एक मजकूर, एक देवालय. आश्रयदाता एक आणि प्रसंगही एक : राज्य संकटात असताना संस्थापकाला अवतारपद देणे. दोन्हींचे प्रयोजन समजण्यासारखे आहे. औरंगजेबाची फौज दारात असताना स्वराज्याला ईश्वरी अधिष्ठान हवे होते. पण समीक्षेने या प्रयोजनाचा विचार करण्याऐवजी दोन सोपे मार्ग पत्करले. एका गटाने बखरीतील दृष्टांत, वर, अवतार हे सारे भाबडेपणाचे ठरवून वजा केले आणि उरलेला मजकूर साधन म्हणून वापरला. दुसऱ्या गटाने ते जसेच्या तसे शिरोधार्य मानले. पहिल्याने संहितेचे सूत्रच काढून टाकले, दुसऱ्याने त्या सूत्राला हात लावायचे नाकारले. राजाला दैवी साधन म्हटल्यावर त्याला प्रश्न विचारण्याची सोय आपल्या वाङ्मयात कोठे आहे, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही.

ती सोय आहे, आणि ती दूर शोधावी लागत नाही. पानिपतावरील भाऊसाहेबांची बखर दैवाला दोष देते आणि त्याच वेळी जाणत्यांचा सल्ला न मानणाऱ्या भाऊंनाही जबाबदार धरते. दैव पुढे करून ती माणसाला मोकळे सोडत नाही. त्याहून महत्त्वाचे उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे आहे. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कोठून आणावे याचा विचार येतो. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यावर त्यांच्या दु:खाला पार राहत नाही, आणि दुसऱ्याला दु:ख देऊन केलेले कार्य करणाऱ्यासह लयाला जाते. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे.

हा उतारा पर्यावरणदिनाच्या भाषणांत हमखास उद्धृत होतो, आणि तेथेच त्याचा अर्थ संपतो. त्याला नाबोथाच्या द्राक्षमळ्याशेजारी ठेवून पाहा. एकीकडे राजाला मळा हवा, दुसरीकडे आरमाराला लाकूड हवे. दोन्हीकडे रयतेने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली वस्तू आहे आणि ती घेण्याचे सामर्थ्य राजाकडे आहे. अहाब घेतो आणि दंडास पात्र होतो. आज्ञापत्र घेण्यापूर्वीच दंडाची जाणीव देते. फरकही आहे. एलीयाच्या तोंडून देव बोलतो. आज्ञापत्राच्या या ठिकाणी रयतेचे दु:खच दंड होऊन उतरते. शिवाय एलीया दरबाराबाहेरचा आहे, तर अमात्य दरबारातलेच. म्हणजे राज्यसंस्थेच्या आतल्या माणसाने, राज्याच्याच आज्ञेच्या स्वरूपात, राज्यकर्त्याला न्यायाच्या कक्षेत आणले आहे. दोन ग्रंथांची अशी तुलना केली तर दोन्ही उजळतात. करुणा आणि सूड यांची पाटी लावली तर दोन्ही झाकोळतात.

सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीतही या सोयीचे एक रूप आहे. येथे ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालताना तिला ‘म्हाराजा’ अशी हाक मारतात आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. सभासदाकडे राजा देवाचे साधन आहे, येथे देवच राजा आहे. त्याच्याकडे मागणे मागता येते, तक्रार सांगता येते, कौल लावून उत्तर घेता येते. आचऱ्याचा रामेश्वर तर इनामदार म्हणूनच ओळखला जातो. त्याचा कौल झाला की गावपळणीत सारा गाव वेशीबाहेर जातो, आणि त्यातून मानकरीही सुटत नाहीत. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मान कोणाचा, पहिला कोण, कोणी दूर उभे राहायचे, हे तेथे जातीने ठरत आले आहे, आणि देवाचा कौल या उतरंडीला सहसा धक्का लावत नाही. देशीयतेच्या नावाखाली ही बाजू झाकणे म्हणजे तेच जुने वकीलपत्र नव्या कागदावर लिहिणे होय. मुद्दा एवढाच की सर्वोच्च आसन देवाचे ठरल्याने माणसाचे पद तत्त्वत: खालचे राहते, आणि समूहाला बोलण्याची जागा मिळते. ती जागा कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली, हे तपासणे हे समीक्षेचे काम आहे.

हे सारे केवळ ग्रंथांपुरते नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. शिल्पकार आणि बांधकाम सल्लागार यांच्यावर गुन्हा दाखल झाला. ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांनी महाराजांना आराध्यदैवत म्हणत त्यांच्या चरणी मस्तक ठेवून क्षमा मागितली आणि त्यांना दैवत मानणाऱ्यांचीही मागितली. या क्षमायाचनेच्या प्रामाणिकपणाविषयी मला काही म्हणायचे नाही. तिच्या रचनेविषयी म्हणायचे आहे. ती देवासमोर आणि भक्तांसमोर मांडली गेली. देवाकडे क्षमा मागता येते. नागरिकांना हिशेब द्यावा लागतो. भक्त आणि नागरिक हे शब्द एकमेकांच्या जागी आले की दोन न्यायासने एकमेकांत मिसळतात, आणि राज्यकर्त्याला आपल्या सोयीचे आसन निवडता येते. ही निवड ओळखण्याचे शिक्षण वाङ्मयाच्या वर्गात मिळायला हवे. ते आपण देत नाही, कारण आपण स्वत:च ती आसने वेगळी वाचायला शिकलेलो नाही.

म्हणून राजा देवाचा हात आहे असे सांगणारी संहिता हाती आली, तर ती कोणत्या धर्माची हे विचारून थांबू नये. हे कोण म्हणतो, कोणाच्या आश्रयाने म्हणतो, आणि त्याच ग्रंथात किंवा त्याच परंपरेत त्या हाताने सांडलेल्या रक्ताचा हिशेब मागणारा दुसरा कोणी आहे काय, हे विचारावे. असेल तर त्याला अभ्यासक्रमात जागा द्यावी. नसेल तर ती उणीव स्पष्ट शब्दांत लिहावी, मग ती संहिता आपली असो वा परकी.